शून्य रुंदीचं अक्षर

मुहर्रकमध्ये रात्री साडेनऊचं विमान
गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांना
जवळजवळ विचारून खाली उतरतं.
दवाखान्याच्या बिलांतून सुटलेली मी
चहाचा कप कीबोर्डपासून वीतभर लांब ठेवते
आणि माझं दुसरं दुकान उघडते.
फुकटचं दुकान. अकरा वर्षं.
मराठी अक्षरं छापताना मोडू नयेत,
एवढाच माल.

आज चौदा जण येऊन थांबलेत.
सगळे नम्र. सगळ्यांचं व्याकरण इस्त्रीचं.
एकानं लिहिलंय: न दिसणारी अनावश्यक चिन्हं काढून टाकली,
कोड हलका केला, सर्व चाचण्या पास.
पास होणारच.
चाचणीही त्यानंच बदलली आहे.

त्या न दिसणाऱ्या चिन्हाला रुंदी नसते.
शून्य.
र आणि य यांच्या मध्ये ते उभं असतं,
मांडवाच्या खांबाला टेकलेल्या
कुणाच्या तरी मामासारखं.
ते गेलं, की डोंगरातल्या दऱ्या बुडून तिथे दर्या येतो.
पंगतीसाठी आचाऱ्यांना बोलवावं तर आचार्यांना निरोप जातो
आणि चुलीपाशी उपदेश सुरू होतो.

मी विचारलं, हे का काढलंत?
अर्ध्या मिनिटात उत्तर:
आपलं अगदी बरोबर आहे, क्षमस्व,
आणि पुढे चार परिच्छेद.
दऱ्या नि दर्या यांतला फरक
शाळेतल्या बाईंनीही मला इतका नीट सांगितला नव्हता.
इथेच मी अडकले.
चुकीचं असतं तर दार लावून घेतलं असतं.

खलफ दर गुरुवारी रक्तदाब मोजायला येतो.
त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मोत्यांचा व्यापार.
मी म्हटलं, दाताला घासून बघतात ना?
खरखरला तर खरा?
तो हसला. दात तीनच.
काचेचा असेल तर कळतं, म्हणाला,
पण पिकवलेला मोतीही खरखरतोच, बाई.
आत काय आहे ते यंत्राला विचारावं लागतं.
माझे आजोबा मोत्याआधी
आणणाऱ्याचे कान बघायचे.
खोल बुडी मारणाऱ्याचे कान वाहतात.

माझ्या दारातल्यांना कान नाहीत.

दिगंबर तऱ्हाळेला होते.
अकोटहून आला तो भांडायलाच,
रेशनकार्डावर त्याचं आडनाव मोडलं होतं.
त्याचा पहिला बदल इतका भयंकर
की अख्खा ळ गायब झाला.
दुसरा त्याहून.
तीन वर्षं मी त्याच्या चुका वाचल्या,
ओळखीचं हस्ताक्षर वाचावं तशा,
आणि एका रात्री त्याला न विचारताच
किल्ली देऊन टाकली.

आजच्या चौदांत एक तो आहे.
दोन वर्षांनी. स्वच्छ.
स्वल्पविराम जागच्या जागी.
खाली: आपल्या मौल्यवान वेळेबद्दल मनःपूर्वक आभार.
दिगंबरनं माझ्या वेळेला
आजवर काहीच म्हटलं नव्हतं.

फोन लावला. तिकडे बारा वाजलेले.
मी काही विचारायच्या आधीच:
"लिवलं त्यानंच, ताई. पोरगी बिमार हाय, टाइम नव्हता.
पन म्या वाचलं. दोनदा.
दोनशेचाळिसावी ओळ काढा म्हने तो.
मले समजली नाई ती. म्हून राहू देली."

आणखी एक विमान. कपातला चहा थरथरला.
मी ती ओळ उघडून बघितली.
माझीच. पहिल्या वर्षातली.
वर टीप: हात लावू नका.
का, ते लिहिलेलं नाही
आणि मला आता आठवतही नाही.

मीही राहू दिली.
तेरा जण अजून दारात उभे आहेत,
नम्रपणे.